शिवलेली शेवटची पानं

रविवार, ४ जानेवारी. मुक्काम धुळे, अक्काचं घर.

हजर: अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण. भाऊजी, खाटेवर, खिडकीकडे तोंड करून. मी. आमचे हे. आमची लेक मधुरा, पुण्याहून मुद्दाम आलेली. फोनवर हजर: रावेरच्या मावशी.

जळगावहून सोबत नेलेलं सामान: चार कादंबऱ्या, भरताची वांगी, माझ्या गोळ्यांचा डबा, मानेखाली घ्यायची छोटी उशी.

चारही कादंबऱ्यांचं शेवटचं प्रकरण दोऱ्याने शिवून बंद केलेलं होतं. ते उसवायचं आणि वाचायचं, एवढंच त्या दिवसाचं काम. मी गेल्या उन्हाळ्यापासून त्या कामाची वाट पाहत होते. ज्यांच्या घरी हे दुखणं आत्ता आत्ता आलं आहे, त्यांना कदाचित उपयोग होईल म्हणून लिहिते आहे. औषधांची माहिती यात नाही, ती डॉक्टरांना विचारावी. कॅन्सरच्या वर्षात मी काय वाचलं आणि ते वाचताना माझं काय झालं, तेवढं मी सांगू शकते.

रिपोर्टचा दिवस

जळगावच्या एका शाळेच्या कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. कागद जागच्या जागी असला की मला बरं वाटतं. बायोप्सीचा रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हाही पर्समध्ये प्रश्नांची चिठ्ठी होती. डॉक्टरांनी सांगितलं, स्तनाचा आहे, उपचार आहेत, लांबतील. मी मान डोलावली आणि चिठ्ठीवरचे प्रश्न वरून खाली विचारत गेले. उत्तरं समोर लिहूनही घेतली. घरी येऊन चिठ्ठी उघडली तर मला माझंच अक्षर लागेना. आयुष्यात पहिल्यांदा.

परत येताना हे स्कूटर चालवत होते. सिग्नल हिरवा झाला तरी हे हलले नाहीत. मागून हॉर्न सुरू झाले. मी यांच्या खांद्यावर टकटक केली. हे म्हणाले, "हो, हो," आणि निघाले. 

संध्याकाळी अक्काला फोन केला. अक्काचं आणि माझं माहेर पिंपळनेरचं. नाना, आमचे वडील, शिंपी होते. आम्ही दोघीच बहिणी. एकमेकींशी आम्ही अजून अहिराणीतच बोलतो, घरात दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. मी सगळं सांगितलं.  मग अक्काने विचारलं, "जेवनी का?"

नाही म्हटलं.

"पहिले जेवी ले."

मी येते, असं ती म्हणाली नाही, कारण तिला येता येणार नव्हतं आणि ते दोघींना माहीत होतं. आदल्या दिवाळीच्या आधी भाऊजींना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यांना कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, सगळं अक्का एकटी करत होती. मुलगा सुरतेला नोकरीला, महिन्यातून एखादा रविवार येणारा. आणि मला किमो सुरू झाल्यावर गर्दीत, प्रवासात जायची बंदी. जळगाव ते धुळे रस्ता दोन तासांचा. भाऊजी एस.टी.चे ड्रायव्हर, याच रस्त्यावर त्यांनी वर्षानुवर्षं बस चालवली. त्या वर्षी तो आम्हा दोघींसाठी बंद होता.

हसरी पुस्तकं

आजारी माणसाला लोक हसरी पुस्तकं देतात. किमो सुरू व्हायच्या आतच आमच्या टीपॉयवर ढीग झाला. शाळेतल्या बाईंनी विनोदी कथा आणल्या. यांच्या चुलतभावाने सकारात्मक विचारांचं जाडजूड पुस्तक दिलं, त्याच्या वेष्टनावर उगवता सूर्य होता. मधुराने इंग्रजी पाठवलं, आजाराशी लढा कसा द्यावा याचं. सगळ्यांचं प्रेम होतं, नाही असं नाही. पण ती पुस्तकं उघडली की कुणीतरी फोटो काढायला समोर उभं राहून "जरा हसा" म्हणतंय असं वाटायचं. मी प्रत्येकाची चार पानं वाचली आणि ढीग नीट रचून ठेवला.

मला रडायचं होतं. घरात रडायला जागा नव्हती. मी रडले की हे आपल्या दुकानात जाऊन बसायचे आणि मधुरा पुण्याहून फोनवर रडायची, मग तिला समजवायला मलाच लागायचं.

मग अक्काचं पहिलं पार्सल आलं. तिच्या गल्लीतले पाटीलभाऊ जळगावला बँकेत आहेत, रोज अपडाऊन करतात. त्यांनी पिशवी आणून दिली. जुन्या साडीच्या कापडात बांधलेल्या दोन कादंबऱ्या. अक्का बारावीनंतर शिकली नाही, पण नव्या कादंबऱ्या ती माझ्याआधी वाचते. धुळ्याच्या ग्रंथालयात तिला ओळखतात. आवडलेलं पुस्तक ती मागाहून विकत घेते आणि कव्हर घालते. आमचं लहानपणापासून ठरलेलं, वाचायचं ते दोघींनी, आणि भांडायचं त्यावर.

दोन्ही पुस्तकांचं शेवटचं प्रकरण शिवलेलं होतं. पानांच्या उघड्या कडेने धावदोरा, एकसारखा, नानांनी शिकवला तसा. एकाला लाल दोरा. दुसऱ्याला काळा, जरा मळलेला. लाल संपला असेल असं मी समजले.

रविवारचा स्वयंपाक

लाल दोऱ्याची कादंबरी एका आईची होती. तिचा मोठा मुलगा परगावी गेला आणि एके दिवशी बोलायचा बंद झाला. भांडण नाही, कारण नाही. ती दर रविवारी दोघांचा स्वयंपाक करते. पुस्तकभर एवढंच घडतं. भाजी निवडणं, कणीक मळणं, पानं घेणं आणि एक पान झाकून ठेवणं.

पहिल्या किमोनंतरचा आठवडा. एप्रिलचं जळगाव, कूलरमध्ये पाणी ओतलं की वाफच यायची. तोंडाला लोखंडाची चव. मी पलंगावर पडून ती कादंबरी वाचली आणि इतकी रडले की उशी उलटी करावी लागली. त्या बाईसाठी रडत होते. स्वतःचं नाव न घेता रडता येतं हे मला तेव्हा कळलं. माझ्या रडण्याला दुसऱ्या कुणाचं तरी घर मिळालं होतं, आणि तिथे हे दाराशी उभे राहून चेहरा पाडत नव्हते.

पण त्या दिवशी हे खरंच दाराशी होते. आत येऊन पुस्तक घेतलं, स्टूल आणलं आणि कपाटाच्या वर ठेवून दिलं. मग अक्काला फोन लावला. मला ऐकू येईल असा. आजारी माणसाला असलं कोण वाचायला देतं, तुम्हाला यायला जमत नाही ते समजू शकतो, पण निदान रडवू तरी नका.

अक्का काय म्हणाली ते मला नंतर यांनीच सांगितलं. ती म्हणाली, "दाजी, तिला रडायला पुस्तक ठेवा. नाहीतर ती तुमच्यावर रडेल, ते तुम्हाला झेपायचं नाही."

 फोन ठेवून यांनी पुन्हा स्टूल आणलं आणि पुस्तक खाली काढून दिलं.

शेजारची खुर्ची

ज्या वॉर्डात किमो द्यायचे तिथे ओळीने खुर्च्या होत्या. सकाळी रक्त तपासायचं, मग सलाइन, मग औषध. आमच्या यांचं ठिबक सिंचनाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पहिल्या दिवशी हे सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिले आणि सिस्टरना म्हणाले, "याचा व्हॉल्व्ह हलका आहे, केळीला असा लावला तर शेतकरी परत आणून देतो." सिस्टर हसल्या. त्या दिवसापासून यांना तिथे एक जागा मिळाली. नळी कुठे दुमडली, कुणाचा थेंब थांबला, हे उठून बघायचे. घाबरलेल्या माणसाला हाताला काम लागतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत रावेरच्या मावशी असायच्या. केळीची बाग असलेलं घर, पाच सुना, आणि एकीचंही त्या ऐकत नसत. मी वाचत बसले की त्या विचारायच्या, काय लिहिलंय त्यात. मी त्यांना रविवारचा स्वयंपाक सांगितला. पुढच्या वेळी त्यांनी बसल्या बसल्या सुरुवात केली, "मंग काय झालं व बाई त्या पोराचं?"

सांगत गेले. समोरच्या रांगेतले लोकही ऐकू लागले. कुणी म्हणालं, पोराने तिकडे लग्न केलं असेल. कुणी म्हणालं, आईनेच काहीतरी केलं असेल, लेखक सांगत नाही. शेवटाशी आले तेव्हा मी शिवलेली पानं दाखवली आणि पुढचं माहीत नाही म्हटलं. मावशींनी पुस्तक हातात घेतलं, टाका बोटाने चाचपला.

"कोणं शिवलं व हे?"

बहिणीने.

"मंग बहीण शहाणी आहे तुही. पन मी सांगते, पोरगा येते. आई एवढी रांधून राहिली, त्याले याच लागते."

दुसऱ्या पार्सलमध्ये एका परिचारिकेची कादंबरी आली, लाल दोरा. डोंगरातल्या दवाखान्यात काम करताना तिला स्वतःलाच आजार निघतो. ती मात्र मी वॉर्डात बसून वाचली आणि मला राग आला. लेखकाने लिहिलं होतं की औषध चढताना तिला बर्फाचे डोंगर दिसतात. आम्हाला कुणालाच डोंगर दिसत नव्हते. आम्हाला औषधाने लघवी लाल होते का ते बघायचं होतं आणि दुपारच्या गाडीची काळजी होती. तरी पुस्तक सोडवेना. तिला केस गळताना आरसा झाकावासा वाटतो तिथे मी थांबले. माझे केस आदल्या आठवड्यात गेले होते. मी आरसा झाकला नव्हता, पण बेसिनवरचा दिवा लावायचं बंद केलं होतं.

तिसरी कादंबरी धरणात बुडालेल्या गावाची. एक म्हातारा नावेतून आपल्या घरावर जातो आणि वल्हं खाली सोडून कौलं लागतात का बघतो. ती वाचताना रडू आलं नाही. मला पिंपळनेर आठवलं. नानांचं दुकान, मशीनचा आवाज, ओट्यावर आम्ही दोघी एकाच पुस्तकात डोकं घालून. ती पान लवकर वाचायची आणि माझं होईपर्यंत पानाचा कोपरा धरून थांबायची. मला तो थांबलेला अंगठा हवा होता. फोनवर अक्काचा आवाज रोज यायचा, पण अंगठा कसा येणार?

काळा दोरा

पहिल्या पार्सलमधली काळ्या दोऱ्याची कादंबरी मी सगळ्यात शेवटी वाचली, ऑपरेशनच्या आधी. एका कैद्याच्या बायकोची. ती दर महिन्याला मुलाखतीला जाते. सुरुवातीला तो बोलतो, मग कमी बोलतो, मग जाळीपलीकडे नुसता बसतो. ती एकटीच दोघांचं बोलते. शेजाऱ्यांचं, कोंबडीचं, पावसाचं. शेवटच्या प्रकरणाचं नाव अनुक्रमणिकेत दिसत होतं: सुटका.

ही माझी कादंबरी आहे असं मी ठरवूनच टाकलं. तो कैदी मी होते. आमचे हे जाळीपलीकडून थेंबांचं आणि व्हॉल्व्हचं बोलत होते आणि मी नुसती बसून होते. सुटका होते की नाही ते मला कळायलाच हवं होतं. ऑपरेशनच्या आधी कळायला हवं होतं.

आणि तेव्हा मनात एक गोष्ट बसली ती जाईना. अक्काने शेवट का शिवले? उघड होतं. चारही पुस्तकांत शेवटी कुणीतरी मरत असणार. तिने ते वाचलं, आणि मला कळू नये म्हणून दोरा घातला. म्हणजे इतरांसारखीच तीही मला हसऱ्या पुस्तकांत ठेवत होती. फक्त तिची पद्धत शिंप्याची.

मी फोन केला. सरळ विचारलं. कैदी मरतो ना? परिचारिका मरते ना?

अक्का म्हणाली, "माले काय माहीत? मी बी वाचेल नही."

मला वाटलं टाळते आहे. मी आवाज चढवला. तीही चढवणार असं वाटलं, पण ती शांतपणे म्हणाली, "नाना काय करेत, भुली गई का तू?"

मी विसरले होते, आणि तिने म्हटल्याबरोबर आठवलं.

नाना श्रावणात पोथी वाचायचे. सुट्या पानांची पोथी, लाल कापडात. घरात कुणी आजारी असलं तर नाना शेवटच्या अध्यायापर्यंत वाचत आणायचे आणि थांबायचे. उरलेल्या पानांना दोरा गुंडाळून पोथी देवळीत ठेवून द्यायचे. आजारी माणूस उठून पाटावर बसला की मगच समाप्ती. लोक म्हणायचे, पारायण असं अर्धवट ठेवू नये, दोष लागतो. नाना म्हणायचे, "ऐकणारा आडा पडेल शे, समाप्ती कोनले सांगू?" मी लहानपणी काविळीने पडले तेव्हा पोथी दिवाळीपर्यंत थांबली होती. मला पाटावर बसवलं, नाना वाचत होते, अक्का मागे बसली होती, मी कलंडू नये म्हणून माझी पाठ धरून. नंतर गूळ-शेंगदाणे वाटले.

अक्काने चारही कादंबऱ्या शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचल्या होत्या आणि थांबली होती. जी बाई शेवट आधी वाचते म्हणून मी जन्मभर जिच्याशी भांडले, ती. दोरा मला अडवायला नव्हता. तिने तो स्वतःलाही घातला होता.

 ती म्हणाली, आता ठेव, यांना वळवायचं आहे.

त्या दिवसानंतर पानांच्या कडेचा टाका वेगळा दिसू लागला. त्याआधी त्यात निकाल शिवलेला होता. आता भेट शिवलेली होती.

हिवाळा

ऑपरेशन झालं. मग शेक, म्हणजे रेडिएशन. रोज हॉस्पिटलला जायचं, मशीनखाली पडायचं, परत यायचं. ऑपरेशनच्या दिवशी यांच्या मनातलं बाहेर पडलं. सख्खी एकच बहीण, दोन तासांचा रस्ता, एकदाही फिरकली नाही. मी भुलीतून नुकती बाहेर येत होते. म्हटलं, ती आली तर भाऊजींना कोण वळवेल, तुम्ही जाता का?  मला वाईट वाटलं, कारण यांचं म्हणणं मलाही आतून तसंच लागत होतं. समजणं वेगळं आणि हवं असणं वेगळं. मला ती तिथे हवी होती. पाठ धरायला.

पुढच्या रविवारी हे मला न सांगता धुळ्याला गेले. दिवसभर भाऊजींजवळ बसले आणि अक्काला म्हणाले, जा, जळगावला जाऊन ये. अक्का निघाली नाही. भाऊजींना परक्या हाताने भरवलं तर ते तोंड उघडत नाहीत. यांनीही करून पाहिलं, अर्धी वाटी खिमटी शर्टावर घेऊन परत आले. त्यानंतर आमच्या घरात अक्काबद्दल कुणी तक्रार केली नाही.

डिसेंबरअखेर डॉक्टर म्हणाले, आता तपासणीला या तेवढं. किमोने माझ्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत, अजून आहेत. ब्लाउजचे हुक लागत नाहीत, नाणं उचलता येत नाही. बाकी मी उठून बसले होते. मी अक्काला फोन केला आणि पाट काढून ठेव म्हटलं.

समाप्ती

दार अक्काने उघडलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. केस नुकते उगवले होते, लहान पोराच्या जावळासारखे. ती म्हणाली, "कोंबडीनं पिल्लू दिसस." भाऊजींच्या घशातून आवाज आला. ते हसत होते.

भाऊजींना मी रस्त्याचं सांगितलं. चौपदरी झालाय, पारोळ्याला आता गावात शिरावं लागत नाही. त्यांचा डावा हात चादरीवर गिअर बदलल्यासारखा हलला.

पाट मांडला होता, खरोखरचा. मी बसले. टाका मला उसवता येईना, दोरा बोटांना लागतच नव्हता. अक्काने सुईच्या टोकाने एकेक टाका उचलला, मी वाचलं. ती माझ्या मागे बसली होती. पाठ धरायची आता गरज नव्हती, तरी हात होता.

धरणाच्या कादंबरीत म्हातारा शेवटी वल्हं खाली सोडतच नाही. नाव वळवतो आणि जाळं टाकतो. अक्का म्हणाली, बरं केलं. परिचारिका मरते. मी वाचतच राहिले, आवाज हलला नाही. मधुराचाच बांध फुटला. अक्काने तिला वांगी भाजायला चुलीपाशी पाठवलं, तिथे धुराने कुणाच्याही डोळ्यांत पाणी येतं. मला वाटलं होतं की त्या मरणाने मी कोसळेन. उलट तिच्या शेजारी बसून आल्यासारखं वाटलं. उन्हाळ्यात तेच प्रकरण वाचलं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. आजारी माणसापासून दुःखाची पुस्तकं लपवू नका, असं मी सगळ्यांना सांगते. पण शेवट वाचताना कुणीतरी जवळ असावं, हेही सांगते.

रविवारच्या स्वयंपाकाची कादंबरी उसवायच्या आधी रावेरला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मावशींची तब्येत फार बरी नाही, आवाज बारीक झालाय. मी वाचलं. मुलगा येत नाही. आई भाजी फोडणीला टाकते, तेवढ्यात फोन वाजतो. ती हात पुसत नाही. भाजी होऊ देते. फोन वाजत राहतो आणि पुस्तक संपतं.

मावशींनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "चुकीचं लिहिलं त्यानं. मायचा जीव असा भाजी हलवत बसते का? तो त्याचाच फोन होता, पोराचा. उचलायलाच पाहिजे होता." मग दम घेऊन, "तू उचलला असता ना व?"

मी म्हटलं, पहिल्या घंटीला.

"मंग झालं," मावशी म्हणाल्या.

आता उरली होती कैद्याची कादंबरी. मी ती उचलून अक्कापुढे धरली. सुटका. माझी सुटका, असं मी गमतीने म्हटलंही.

अक्काने सुई खाली ठेवली आणि पुस्तकावर तळहात ठेवला.

"ते ऱ्हाऊ दे."

मी विचारलं, का?

"ते तुनं नही. ते यासनं शे."

तिने खाटेकडे पाहिलं. झटका आला त्या आठवड्यात ती हॉस्पिटलच्या बाकावर ती कादंबरी वाचत होती. शेवटच्या प्रकरणाशी आली आणि थांबली. घरी आल्यावर भाऊजींच्या उशीचा अभ्रा शिवायला काळा दोरा काढलेला होता, त्यानेच पानं शिवली. तेव्हा माझं दुखणं यायचं होतं. म्हणून दोरा काळा होता, मळलेला होता. ज्या कैद्याच्या जागी मी स्वतःला समजत आले होते, तो खिडकीकडे तोंड करून इथे पडला होता, आणि त्याची बायको एकटीच दोघांचं बोलत होती.

मी म्हटलं, मग ही मला कशाला पाठवलीस?

अक्का पुस्तकाची कड अंगठ्याने घासत होती. "आठे ऱ्हायनं ते मी एखाद दिन उसवी टाकसू. तुनाजोडे ऱ्हाऊ दे." इथे राहिलं तर एखाद्या दिवशी तिच्याच हातून उसवलं जाईल, म्हणून ते माझ्याजवळ.

हे पुढे झाले. यांनी आणि मी भाऊजींना पाठीमागे उशा लावून बसवलं. माझीही छोटी उशी मानेखाली दिली. भाऊजी बसले. आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मी अक्काकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. तिने नाही म्हणून मान हलवली. उशांच्या टेक्याने बसणं समाप्तीत धरत नाहीत. थोड्या वेळाने भाऊजी उजव्या बाजूला घसरू लागले, तेव्हा अक्काने हात घालून त्यांना अलगद निजवलं, आणि आम्ही भरीत-भाकरीची पानं घेतली. अक्काने त्यांना पहिला घास भरवला, मग स्वतः बसली.

पुस्तक मी परत आणलं. आमच्या कपाटाच्या वर ठेवलं आहे, स्टूल लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी. माझ्या या वर्षीच्या यादीत तपासणीच्या तारखा आहेत, शाळेत रुजू होण्याचा अर्ज आहे, रावेरला मावशींना भेटून येणं आहे. सगळ्यात खाली एक ओळ आहे, तिच्यापुढे तारीख घालता आलेली नाही: कैद्याचं शेवटचं प्रकरण, धुळ्याला, भाऊजी आपले आपण उठून बसल्यावर.